एका रोलमध्ये बहात्तर छायाचित्रे : हाफ-फ्रेम कॅमेऱ्यांची ओळख

दिवाळी तोंडावर आली की दहिसर-बोरिवली भागातील जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये माळे साफ करण्याची लगबग सुरू होते. पितळी भांडी, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, लग्नाच्या अल्बमचे खोके यांच्या आडून कधीकधी चामडी आवरणातील एक लहानसा कॅमेरा बाहेर येतो. आकाराने मुठीएवढा, पण हाताला चांगलाच जड. भिंगाभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक बुट्ट्यांचे काचेचे कडे, पाठीमागे अंगठ्याने फिरवायचे दातेरी चाक आणि माथ्यावर ‘ऑलिम्पस-पेन’ अशी अक्षरे. डोळा लावून पाहावे तर दृश्याची चौकट उभी दिसते. कॅमेरा आडवा धरलेला असताना चित्र उभे कसे, या शंकेने घरातील तरुण मंडळी तो बिघडला असे समजतात आणि कॅमेरा भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. वास्तविक ही उभी चौकट म्हणजे बिघाड नव्हे. हाफ-फ्रेम जातीच्या कॅमेऱ्याची ती पहिली खूण आहे.

नेहमीच्या ३५ मि.मी. कॅमेऱ्यात फिल्मवर उमटणारे चित्र ३६ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच असते. हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात त्याच फिल्मवर, त्याच जागेत, १८ बाय २४ मि.मी.ची दोन उभी चित्रे शेजारीशेजारी बसतात. एका चित्राचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी.वरून नेमके ४३२ वर येते. फिल्मच्या दोन्ही कडांना असलेल्या छिद्रांच्या भाषेत सांगायचे तर नेहमीचा कॅमेरा प्रत्येक चित्रामागे आठ छिद्रे पुढे सरकतो, हाफ-फ्रेम चारच. म्हणून ३६ चित्रांच्या रोलमधून ७२ चित्रे निघतात आणि रोल काटकसरीने भरला तर आणखी दोन-चार पदरात पडतात. रोल तोच, धुण्याची रसायने तीच, फक्त चित्रे दुप्पट. या जातीच्या कॅमेऱ्यांचे सारे गुण आणि सारे दोष या एका हिशेबातून निघालेले आहेत.

अर्धी कोण, पूर्ण कोण?

‘अर्धी चौकट’ हे नाव तसे अन्यायाचेच आहे. ३५ मि.मी. रुंदीची फिल्म छायाचित्रणासाठी नव्हे, तर चलच्चित्रासाठी जन्माला आली. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ईस्टमनची ७० मि.मी. रुंद फिल्म उभी चिरून तिची अर्धी पट्टी वापरात आणली. तिच्यावर चार छिद्रांना एक, सुमारे एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच अशी चौकट ठरली. कॅमेऱ्यातून फिल्म वरून खाली धावत असे, त्यामुळे ही चौकट आडवी दिसे. चित्रपटाच्या जगात हीच ‘पूर्ण’ चौकट होय.

पुढे जर्मनीत लाइट्झ कंपनीतील ऑस्कर बार्नाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास याच चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा तयार केला. फिल्म आडवी फिरवून त्यांनी दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली. १९२५ मध्ये ‘लायका’ या नावाने हा कॅमेरा बाजारात आला, जगभर गाजला आणि २४ बाय ३६ हे माप प्रमाण होऊन बसले. मूळ चौकटीची ही दुप्पट ‘पूर्ण’ ठरली आणि मूळ चौकटीच्या कपाळी ‘अर्धी’ हा शिक्का आला.

मराठी वाचकाला ही मूळ चौकट परकी वाटण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून आणलेला विल्यमसन कॅमेरा याच ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा होता. चित्रपटाला भांडवल मिळावे म्हणून त्यांनी आधी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. वाटाण्याचे रोप मातीतून वर येताना दाखविण्यासाठी दिवसांमागून दिवस ठरावीक अंतराने एकेक चौकट घेतली. त्या काळापुरता फाळके यांचा सिनेमाचा कॅमेरा म्हणजे चक्क स्थिरचित्रे घेणारा हाफ-फ्रेम कॅमेराच होता, असे म्हणावयास हरकत नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. एका फुटात १६ चौकटी या हिशेबाने त्या सुमारे ५९ हजार होतात. तेवढी चित्रे हाफ-फ्रेम कॅमेऱ्याने घ्यायची तर ७२ चित्रांचे आठशेहून अधिक रोल लागतील. उलट, ७२ चित्रांचा आपला संपूर्ण रोल आजच्या २४ चौकटींच्या वेगाने पडद्यावर सोडला तर तीन सेकंदांत संपतो! दहिसर नदीच्या काठी एकेकाळी चित्रपटांची चित्रीकरणे होत असत. त्या चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यातील चौकट आणि त्याच दहिसरातील माळ्यावर सापडलेल्या पेनमधील चौकट मुळात एकाच कुळातल्या.

लायकापूर्वीही चित्रपटाच्या चौकटीत स्थिरचित्रे घेण्याचे प्रयत्न झाले होते. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विक्रीस आलेला ‘टुरिस्ट मल्टिपल’ एका दमात ७५० चित्रे घेई. युरोपच्या सहलीला निघालेल्या धनिकांसाठी तो होता. पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि सहलींबरोबर तोही मागे पडला. १९२७ च्या अमेरिकन ‘आन्स्को मेमो’मध्ये ५० चित्रे निघत. १९३८ चा ‘मर्क्युरी’ त्याच्या माथ्यावरील अर्धगोल उंचवट्यामुळे दुरूनही ओळखू येतो. त्या उंचवट्याखाली गोल फिरणारे शटर दडलेले असे. १९५४ च्या सुमारास लायकानेही अर्ध्या चौकटीचा ‘लायका ७२’ थोड्या संख्येने काढला. आज तो संग्राहकांच्या स्वप्नातच भेटतो.

सहा हजार येनचे कोडे

हाफ-फ्रेम कॅमेरा घराघरांत पोहोचविला तो जपानने, आणि त्यातही योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने. माइतानी यांचा जन्म १९३३ चा. वासेदा विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकून ते १९५६ मध्ये ऑलिम्पस कंपनीत दाखल झाले. उमेदवारीच्या काळात त्यांना काहीतरी आराखडा करून दाखव असे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी स्वतःलाच अट घातली, की कॅमेरा ६,००० येनमध्ये विकता आला पाहिजे. त्या वेळी कंपनीच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याची किंमतही वीस हजार येनच्या वर होती.

येथे माइतानी यांचा विचार उलट दिशेने चालला. स्वस्त कॅमेरा म्हणजे हलके भिंग, हा सर्वांचा ठोकताळा. त्यांनी मात्र भिंग तयार करणाऱ्यांना सांगितले, की नामांकित ‘टेसार’च्या तोडीचे चार काचांचे भिंग द्या, तडजोड नको. त्यात बहुतेक पैसा खर्च झाला. उरलेल्या तुटपुंज्या रकमेत बाकीचा कॅमेरा बसवायचा म्हणून जे जे वगळता येईल ते वगळले. फिल्म पुढे सरकविण्याची तरफ महाग, म्हणून ती काढून पाठीमागे एक साधे दातेरी चाक बसविले. हे चाक अंगठ्याने फिरविले की फिल्म पुढे सरकते आणि शटरही ताणले जाते. अंतर मोजणारी यंत्रणा नाही, प्रकाशमापक नाही, बॅटरी तर नाहीच. कंपनीच्या कारखान्याने असला कॅमेरा तयार करण्यास नाखुषी दाखविल्याने सुरुवातीचे उत्पादन बाहेरून करून घ्यावे लागले. ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘पेन’ बाजारात आला. पेन खिशाला लावावे तितक्या सहजपणे बाळगता यावा, म्हणून हे नाव.

चौकट लहान असल्याने भिंगही लहान पुरते. १८ बाय २४ च्या चौकटीचा कर्ण ३० मि.मी.; त्यामुळे २८ किंवा ३० मि.मी. केंद्रांतराचे भिंग येथे ‘नॉर्मल’ ठरते. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या तुलनेत केंद्रांतराला १.४ ने गुणले की हिशेब जुळतो. अशा आखूड भिंगाचा एक मोठा लाभ असा, की जवळच्यापासून दूरपर्यंतचा पुष्कळ भाग एकाच वेळी स्पष्ट येतो. अंतर डोळ्यांच्या अंदाजाने लावले, थोडे चुकले, तरी चित्र निभावून जाते. पेनच्या यशात या क्षमाशीलतेचा वाटा मोठा आहे.

भिंगाच्या कड्यावर ‘डी. झुइको’ असे लिहिलेले असते, त्यातील ‘डी’ निरर्थक नव्हे. इंग्रजी मुळाक्षरांतील त्याचा क्रमांक म्हणजे भिंगातील काचांची संख्या. डी म्हणजे चार, एफ म्हणजे सहा. मूळ पेनला २८ मि.मी., एफ/३.५ चे भिंग होते. १९६० च्या ‘पेन एस’ला ३० मि.मी., एफ/२.८ चे, आणि १९६२ च्या ‘पेन डी’ला ३२ मि.मी., एफ/१.९ चे सहा काचांचे भिंग मिळाले. हा शेवटचा कॅमेरा अंधुक प्रकाशातही उत्तम काम देतो.

सर्वांत जास्त खपला तो १९६१ चा ‘पेन ईई’. माळ्यांवर सापडणारे बहुतेक नमुने याच्याच कुळातले असतात. ईई म्हणजे ‘इलेक्ट्रिक आय’, विजेचा डोळा. भिंगाभोवतीच्या बुट्टेदार काचेमागे सेलेनियमची चकती असते. तिच्यावर प्रकाश पडला की अत्यल्प वीज निर्माण होते आणि आतील नाजूक काटा हलतो. बटण दाबताच तो काटा जागच्या जागी चिमटला जातो आणि त्याच्या स्थितीनुसार भिंगाचे छिद्र लहानमोठे होते. यासाठी बॅटरी लागत नाही. प्रकाश अगदीच अपुरा असेल तर चौकटीत एक लाल जीभ वर येते आणि बटण दाबले तरी कॅमेरा चित्र घेत नाही. वाया जाणारे चित्र घेण्यास कॅमेऱ्याने स्वतःहून नकार द्यावा, ही कल्पना त्या काळात अभिनव होती आणि फिल्म जपून वापरणाऱ्या घरांना तर विशेष मोलाची. या मालिकेतील ‘ईई-३’ १९७३ मध्ये आला आणि १९८० च्या दशकापर्यंत तयार होत राहिला. पेन मालिकेतील सर्व कॅमेऱ्यांची एकूण संख्या १ कोटी ७० लाखांवर गेली.

माइतानी यांनी १९६३ मध्ये काढलेला ‘पेन एफ’ मात्र निराळ्याच तोलाचा आहे. बदलत्या भिंगांचा हा हाफ-फ्रेम एसएलआर. एसएलआर म्हटला की माथ्यावर प्रिझमचे कुबड हवेच, पण येथे ते नाही. आरसा वर उचलला जाण्याऐवजी कडेला सरकतो आणि दृश्य कॅमेऱ्याच्या अंगातूनच वळणे घेत डोळ्यापर्यंत येते. शटर पडद्याचे नव्हे, तर टायटॅनियमच्या पातळ पत्र्याचे, गोल फिरणारे. त्यामुळे सेकंदाच्या १/५०० भागापर्यंत कोणत्याही वेगाला फ्लॅश वापरता येतो. त्या काळातील पडद्याच्या शटरांना हे जमत नसे. १९६६ च्या ‘पेन एफटी’मध्ये भिंगातून येणारा प्रकाश मोजण्याची सोय झाली, परंतु त्यासाठी आरसा अंशतः पारदर्शक करावा लागल्याने चौकटीतील दृश्य काहीसे मंद झाले. केवळ छायाचित्रे काढायची असतील तर मापक नसलेला पेन एफ किंवा १९६७ चा ‘एफव्ही’ अधिक सुखाचा, असे अनेक जाणकारांचे मत आहे आणि ते पटण्याजोगे आहे.

इतर घराणी

पेनचे यश पाहून जपानमधील बहुतेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. १९६२ च्या ‘रिको ऑटो हाफ’मध्ये चावी देऊन ठेवली की स्प्रिंगच्या जोरावर प्रत्येक चित्रानंतर फिल्म आपोआप सरके. १९६३ मध्ये कॅननचा ‘डेमी’ आला आणि त्याच वर्षी ‘डायल ३५’. जुन्या टेलिफोनच्या तबकडीची आठवण करून देणारा चेहरा आणि हँडलमध्ये बसविलेली चावीची मोटर, असे त्याचे रूप. यशिका, मिनोल्टा, फुजी, पेट्री यांनीही आपापले नमुने काढले. कोनिकाचा १९६५ चा ‘ऑटो-रिफ्लेक्स’ तर दोन्ही घरचा पाहुणा. एक खटका फिरवून त्याच रोलवर कधी पूर्ण, कधी अर्धी चौकट घेता येत असे.

सोव्हिएत संघातील मिन्स्कच्या कारखान्याने १९६५ मध्ये ‘चायका’ काढला. चायका म्हणजे सागरी कुरव पक्षी. १९६३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या महिला वालेंतिना तेरेश्कोव्हा यांचे हे बिनतारी संदेशातील नाव होते. त्याच परंपरेत १९८० च्या दशकात ‘अगात-१८’ आला. प्लॅस्टिकचा, खेळण्यासारखा दिसणारा, रोल भरताना ज्याचे दोन तुकडे करावे लागतात असा. दिसण्यावर जाऊ नये. त्याचे २८ मि.मी., एफ/२.८ चे भिंग चांगले आहे. यात फिल्म उभी सरकते, म्हणून चित्र आडवे मिळते. १९८७ मध्ये आलेला यशिकाचा ‘सामुराई’ही असाच. व्हिडिओ कॅमेऱ्यासारखा एका हातात धरायचा, झूम भिंगाचा. हाफ-फ्रेमच्या जुन्या पर्वातला तो शेवटचा मोठा प्रयत्न म्हणता येईल.

ओहोटी का लागली?

अर्ध्या किमतीत चित्र, ही जाहिरात अर्धसत्य होती. फिल्म निम्मी लागे हे खरे. परंतु छापील प्रतीचा खर्च चित्रागणिक असतो. ७२ चित्रे काढली की ७२ प्रतींचे पैसे मोजावे लागत. रंगीत छायाचित्रे रुळू लागली तसा हा खर्च डोळ्यांत भरू लागला. शिवाय चार बाय सहा इंचांच्या प्रतीसाठी पूर्ण चौकट सुमारे ४.२ पट मोठी करावी लागते, तर अर्धी चौकट ६.३ पट. जितके मोठे करावे तितके फिल्मचे कण ठसठशीत दिसतात. आठ बाय दहाच्या प्रतीत तर फरक लपत नाही. दरम्यान ‘रोलाय ३५’ (१९६६), ऑलिम्पसचाच ‘ट्रिप ३५’ (१९६७) आणि ‘कोनिका सी ३५’ (१९६८) असे पूर्ण चौकटीचे कॅमेरेही पुरेसे लहान झाले. दुसऱ्या बाजूने कोडॅकच्या काडतुसात भरलेल्या फिल्मने, १९६३ पासून १२६ च्या आणि १९७२ पासून ११० च्या मापात, रोल भरण्याची कटकटच संपविली. हाफ-फ्रेमला मधली जागा उरली नाही.

मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत या कॅमेऱ्याला खरे तर मोठी संधी होती. त्या काळी घराघरांत ओळखीचा होता तो बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक-थ्री’. त्याच्या १२० मापाच्या रोलमध्ये केवळ १२ चित्रे निघत. मुंज, बारसे, माथेरानची सहल आणि गणपती, एवढ्यांत तो रोल पुरवायचा. एकेका चित्रासाठी सर्वांना रांगेत उभे करून, श्वास रोखायला लावून बटण दाबले जाई. अशा घरात ७२ चित्रांचा रोल म्हणजे चैन. परंतु परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. आखातातून किंवा जपानहून परतणाऱ्या आप्ताच्या सामानातून, बोटीवरच्या नोकरीतून किंवा फोर्टातील जुन्या मालाच्या दुकानांतून जे काही येत, तेवढेच. म्हणून आपल्याकडे पेन हा बहुधा ‘काकांनी आणलेला कॅमेरा’ असतो. १९८० च्या दशकात ११० मापाच्या ‘हॉटशॉट’ने घरोघरी जागा मिळविली आणि पुढे यशिकाच्या ‘एमएफ-२’सारखे कॅमेरे आले. हाफ-फ्रेमचे नाव बहुतेकांच्या कानांवरही पडले नाही.

७२ चित्रांना आणखी एक घरगुती बाजू आहे. इतकी चित्रे संपता संपत नाहीत. रोल सहा-आठ महिने, कधी वर्षभर कॅमेऱ्यात राहतो आणि मग कॅमेराच विसरला जातो.

माळ्यावरचा अर्धा रोल

म्हणून जुना हाफ-फ्रेम कॅमेरा हाती आला की पहिली सूचना ही, की पाठीमागचे झाकण उघडू नये. आत रोल असण्याची शक्यता इतर कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा येथे अधिक. गुंडाळण्याची लहान मूठ बाणाच्या दिशेने अलगद फिरवून पाहावी. ती मोकळी, सैल फिरत राहिली तर कॅमेरा बहुधा रिकामा असतो. ताण जाणवला आणि मूठ अडली तर आत फिल्म आहे. मग फिल्म मोकळी करणारे बारीक बटण दाबून धरावे आणि मूठ सावकाश फिरवत संपूर्ण फिल्म डबीत परत घ्यावी. दमटपणाने फिल्म ठिसूळ होते किंवा चिकटते, त्यामुळे जोर लावू नये. मूठ मध्येच हटून बसली तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत उघडणाऱ्या जाणकाराकडे कॅमेरा द्यावा.

प्रकाश पडलेल्या पण न धुतलेल्या फिल्मवर चित्र सुप्तावस्थेत असते. वर्षे जातात तसे ते विरत जाते, मुंबईच्या उष्ण-दमट हवेत अधिकच. तरीही कृष्णधवल फिल्मवर काही दशकांनंतरही ओळखू येतील अशा आकृती मिळाल्याची उदाहरणे आहेत. रंगीत फिल्मचे रंग दगा देतात, त्यामुळे फार जुनी रंगीत फिल्म अनेकदा कृष्णधवल रसायनात धुऊन घेतली जाते. अंगणातली तुळस, नदीकाठची जुनी घरे, आजीच्या शेजारी उभे राहिलेले कोणीतरी, यांपैकी काय निघेल ते सांगता येत नाही. मात्र उत्सुकतेपोटी झाकण एकदा जरी उघडले, तरी उजेड लागलेला भाग कायमचा जातो.

पारखून घेताना

कॅमेरा विकत घ्यायचा असेल तर चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि फोर्ट परिसरातील बोरा बाजार या दोन जागा जुन्या शौकिनांना ठाऊक आहेत. जुन्या कॅमेऱ्यांचा नाद या शहराला नवा नाही. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमविलेल्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या विश्वविक्रमांत झाली आहे.

पेन ईईच्या घराण्यातील कॅमेऱ्याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. चाक पूर्ण फिरवावे, भिंगाचे कडे स्वयंचलित खुणेवर ठेवावे, भिंगाभोवतीची काच तळहाताने झाकावी आणि बटण दाबावे. लाल जीभ वर आली आणि शटर उघडले नाही, तर यंत्रणा जिवंत आहे. मग उन्हाकडे तोंड करून बटण दाबावे; आता शटर उघडलेच पाहिजे. भर उन्हातही लाल जीभ हटत नसेल तर सेलेनियम निकामी झालेले आहे. त्याला दुरुस्ती नाही. दुसऱ्या कॅमेऱ्यातील चकती काढून बसविणे हाच उपाय. झाकण लावून ठेवलेल्या किंवा आवरणात राहिलेल्या कॅमेऱ्यातील सेलेनियम जास्त टिकलेले आढळते. ज्यांना ही भानगड नको, त्यांनी मापक नसलेला मूळ पेन किंवा पेन एस घ्यावा. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. त्याच्या शटरच्या पात्यांवर तेल आलेले नाही आणि मंद वेगातही ती अडत नाहीत, एवढे पाहिले की पुरे. पेन एफटीचे मापक मात्र पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बटण-बॅटरीवर चाले. ती आता तयार होत नाही. वेगळ्या दाबाची बॅटरी घातली की मोजमाप चुकते.

मुंबईत याहून मोठा शत्रू बुरशी. भिंगातून पांढऱ्या कागदाकडे पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर किंमत निम्म्याने पाडून मागावी किंवा कॅमेरा खाली ठेवावा. बुरशीचे मूळ काचेवरील लेप खाते. पुसून तंतू जातात, खोलवर गेलेले व्रण राहतात. दहिसरसारख्या, एका अंगाला खाडी व मिठागरे आणि दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असलेल्या उपनगरात जून ते सप्टेंबर हे चार महिने कॅमेऱ्याला कसोटीचे. मूळ चामडी आवरण कितीही देखणे असले तरी ते ओल धरून ठेवते. पावसाळ्यात कॅमेरा त्यातून बाहेर काढावा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चाक आणि बटण चालवावे. न वापरलेला कॅमेरा वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतो.

पुन्हा एकदा बाजारात

फिल्म महाग झाली तशी अर्ध्या चौकटीची आठवण जगाला पुन्हा झाली. २०२२ मध्ये कोडॅकच्या नावाने ‘एकतार एच-३५’ हा स्वस्त प्लॅस्टिकचा कॅमेरा आला. त्यात सेकंदाचा १/१०० हा एकच वेग आणि एफ/९.५ हे एकच छिद्र; उन्हात ठीक, सावलीत फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. जून २०२४ मध्ये आलेला ‘पेन्टॅक्स १७’ अधिक गंभीर प्रकरण आहे. नाव त्याच्या १७ बाय २४ मि.मी.च्या चौकटीवरून. भिंग २५ मि.मी., एफ/३.५ चे, अंतर चित्रखुणांवरून लावायचे, फिल्म हाताच्या तरफेने ओढायची आणि प्रकाशाचे गणित मात्र आतील यंत्रणा करणार. एका मोठ्या कंपनीने इतक्या वर्षांनी फिल्मचा नवा कॅमेरा आखावा आणि तो हाफ-फ्रेम असावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. ऑलिम्पसने २००९ मध्ये ‘पेन’ हे नाव डिजिटल कॅमेऱ्याला दिले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये माइतानी यांचे निधन झाले.

जुना पेन दहिसरात वापरायचा तर फिल्मची निवड विचारपूर्वक करावी. मूळ पेनचा सर्वाधिक वेग सेकंदाचा १/२०० भाग. डिसेंबरातल्या लख्ख उन्हात २०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला एफ/१६ आणि १/२०० हा हिशेब बरोबर बसतो. ४०० ची फिल्म घातली की छिद्र एफ/२२ पर्यंत मिटावे लागते आणि इतक्या लहान छिद्रातून चित्राची धार काहीशी बोथटते. सकाळी नदीच्या पुलावर किंवा मेट्रोच्या उन्नत मार्गाखालच्या सावलीत मात्र ४०० ची फिल्मच सोयीची. बोरिवली-दहिसरच्या हद्दीवरील मंडपेश्वर लेण्यांत शिरल्यावर ईईची लाल जीभ हमखास वर येते. तेथे नृत्यमग्न शिवाची मूर्ती टिपायची तर हाताने वेग लावता येणारा कॅमेरा, खांबाचा आधार आणि १/२५ सेकंद स्थिर राहणारे मनगट हवे. उभ्या चौकटीला उंच इमारती, माणसे, जिने, गल्ल्या मानवतात. खाडीचा विस्तार टिपायचा तर कॅमेरा उभा धरावा.

रोल धुवायला देताना एक खबरदारी आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील यंत्र पूर्ण चौकट गृहीत धरते, त्यामुळे सांगितले नाही तर दोन-दोन चित्रांची जोडी एकाच प्रतिमेत येते. काहींना अशा जोड्या आवडतात. नदी आणि मेट्रो शेजारीशेजारी आल्याने मौज वाटते. परंतु जोडी कोणाची कोणाशी लागेल हे यंत्र ठरविते, आणि यंत्राची कात्री एखाद्या चित्राच्या मधोमधही चालू शकते. म्हणून पाकिटावर ‘हाफ-फ्रेम, ७२ चित्रे, पट्टी कापू नये’ असे ठळक लिहून द्यावे आणि घरी आणल्यावर खिडकीच्या उजेडात धरून, दोन चित्रांमधली बारीक फट नीट पाहून, बारा-बारा चित्रांच्या सहा पट्ट्या आपल्या हाताने कापाव्यात. सहा पूर्ण चौकटींसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या पारदर्शक पिशव्यांत त्या बरोबर बसतात.